काळी गाडी, उघड्यावर पार्किंग: वॅक्स जास्त टिकतं की सीलंट?

काळीगाडी_पांढरेकेस
नमस्कार मंडळी. गाडी २०२३ ची, रंग काळा (हो माहितीये, सगळ्यांनी तेव्हाच सांगितलेलं नको घेऊ म्हणून), राहायला पुण्यात बाणेर साईडला, सोसायटीत कव्हर्ड पार्किंग मिळालं नाही त्यामुळे गाडी बारा महिने उघड्यावर आणि डोक्यावर कडुनिंब, त्यावर कावळ्यांची शाळा. दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, बॉनेटवर सौंनी हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते मी दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं पुसलं आणि उन्हात बघतो तर बरोब्बर त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे. तेव्हापासून माझं लक्ष दुसरीकडे जातच नाही.
गाडी घेताना शोरूमवाल्यानं टेफ्लॉन कोटिंगचे वेगळे पैसे लावले होते, तीन वर्ष बघायला नको म्हणाला. पहिल्याच पावसाळ्यात पाणी थेंब होऊन ओघळायचं सोडून बॉनेटवर पसरून बसायला लागलं. असो.
आता स्वतःच करायचं ठरवलंय. दुकानात गेलो तर कार्नुबा वॅक्सच्या (झाडाचं मेण) डब्यावर ३ महिने, सीलंटच्या (मेणाऐवजी कृत्रिम पॉलिमर) बाटलीवर ६ महिने आणि एका स्प्रेवर चक्क १२ महिने लिहिलंय. खरंच कोण किती टिकतं आपल्याकडच्या उन्हापावसात? सिरॅमिक कोटिंगला वीस-पंचवीस हजार घालायची तयारी नाही, रविवारचे दोन तास घालायची आहे. आणि ते चरे यानं जातील का?

फुकट_सल्लागार
काही लावू नका. पाणी मारा, पुसा, विषय संपला. आमच्या वडिलांची पद्मिनी होती, दर दिवाळीला वॅक्सपोल लावून आम्ही भावंडं घासायचो, फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि वडील म्हणायचे बघा कशी चमकतेय. चमकणारच, वरचा थर काढला तर. रंग निघून निघून कडेला प्रायमर दिसायला लागला होता शेवटी.

टेप_लावून_बघा
सल्लागार साहेब, पद्मिनीच्या रंगावर क्लिअरकोट नव्हता हो, म्हणून फडक्याला रंग यायचा. आताच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो, फडकं काळं झालं तर तो मळ. आणि त्या काळातली पॉलिशं थोडी घासणारीच असायची. आपल्याकडे एक घोळ कायमचा आहे की रबिंग कंपाऊंड, पॉलिश, वॅक्स सगळ्यालाच "पॉलिश मारली" म्हणतात. पहिली दोन घासून काढतात, वॅक्स आणि सीलंट वर थर देतात. काळीगाडी, तुमचे चरे वॅक्सनं जरा बुजतील, जाणार नाहीत. ते पॉलिश करूनच जातात आणि पॉलिश म्हणजे दर वेळी क्लिअरकोट थोडा कमी, तेव्हा तो उद्योग एकदाच आणि जाणत्या माणसाकडून.

आता टिकण्याचं. डब्यावरचे महिने सोडून द्या. मी २०२२ च्या दिवाळीनंतर घरीच प्रयोग केला होता, माझी गाडी गडद निळी, राहतो सिंहगड रोडला, गाडी अर्धा दिवस उन्हात. बॉनेटच्या बरोब्बर मधोमध निळी मास्किंग टेप लावली, डावीकडे कार्नुबाचं पेस्ट वॅक्स, उजवीकडे सिंथेटिक सीलंट. त्याच्या आधी दोन्ही बाजूंना क्ले बार (रंगावर रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) मारला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धं, पाणी अर्धं असं करून पुसून घेतलं, नाहीतर खाली जुनं काहीतरी राहून जातं आणि आपण कौतुक नव्याचं करत बसतो. मग दर रविवारी दोन बादल्या (एक शाम्पूची, एक फडकं खळबळायला), चांगला शाम्पू, आणि पंधरा दिवसांनी झाडांना पाणी मारायच्या स्प्रेनं दोन्हीकडे फवारा मारून फोटो.

पहिले तीन आठवडे डावी बाजू पुढे होती, खोटं कशाला सांगू. वॅक्सची झाक वेगळीच असते, ओल्या काळ्या दगडासारखी, आणि थेंब अळवावरच्या पाण्यासारखे टपोरे. उजवी बाजू काचेसारखी, जरा कोरडी. घरी विचारलं तर सगळ्यांचं मत डाव्या बाजूला. पाचव्या आठवड्यात डावीकडचे थेंब चपटे पडायला लागले, गोल न राहता नकाशातल्या बेटांसारखे वेडेवाकडे, आणि नवीन वर्ष उजाडेपर्यंत मगभर पाणी ओतलं की डावीकडे ते चादरीसारखं पसरून तिथंच बसून राहायचं, उजवीकडे धावत खाली. म्हणजे वॅक्सचे दोन महिने, तेही हिवाळ्यातले, पाऊस नाही, कडक ऊन नाही.

उजवी बाजू फेब्रुवारीपर्यंत झकास. मग एका रविवारी बघतो तर तिथंही थेंब नाहीत. म्हटलं गेलं, साडेतीन महिने, लिहून टाकलं वहीत. पण बोट फिरवलं तर खरखर लागली. आमच्या रस्त्यावर तेव्हा पुलाचं काम, सिमेंटची धूळ आणि डांबराचे ठिपके. जरा कडक शाम्पूनं सावकाश धुतलं, डांबर काढलं, आणि थेंब परत आले! सीलंट जागेवरच होतं, वर मळाचा थर बसलेला. तेव्हापासून मी थेंब दिसेनात म्हणून लगेच दुसरा कोट चढवत नाही, आधी नीट धुवून बघतो. ती बाजू एप्रिलच्या शेवटापर्यंत गेली, साधारण साडेपाच महिने.

पण थांबा, खरी गंमत पुढे. हाच प्रयोग जूनमधे परत मांडला. वॅक्स महिनाभरात संपलं, सीलंट सप्टेंबरात पण बऱ्यापैकी होतं. गणपतीला आम्ही गावी गेलो, एसटीनं, गाडी पार्किंगमधे. रोज सकाळी गाड्या पुसणाऱ्या पोराला "माझी पुसू नको" सांगायचं राहिलं. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या, बादलीत कपड्याची पावडर, आणि शेवटच्या पाच-सहा गाड्यांना ते पाणी म्हणजे नुसता चिखल. आठ दिवसांनी येऊन फवारा मारला तर डावं-उजवं दोन्ही सारखंच, टक्कल. जे तीन महिन्यांच्या पावसाला जमलं नाही ते त्या फडक्यानं एका आठवड्यात केलं. त्याची काय चूक, तो मन लावून घासत होता बिचारा.

रंगरसायन
मी रंगाच्या धंद्यात आहे (गाड्यांच्या नाही, औद्योगिक), वरच्या प्रयोगाचं उत्तर तसं का आलं ते सांगतो.
आधी टेफ्लॉन. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ते वितळतं ३२७ अंशाला. तव्यावर बसवताना भट्टीत त्याच्याही वर तापवतात तेव्हा कुठे ते धरून राहतं. तुमची गाडी शोरूममधे भट्टीत घातली होती का? नसेल तर तुमच्या गाडीला मिळालं ते पीटीएफईची भुकटी घातलेलं मेण किंवा सीलंट, आणि टिकलं ते मेण टिकतं तेवढंच.

कार्नुबा येतं ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका पामच्या पानांवरून, पानं वाळवून झोडपली की भुकटी पडते. नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक, वितळायला ८२ ते ८६ अंश लागतात, मधमाशीचं मेण ६२-६५ ला वितळतं. नुसतं कार्नुबा हातात घेतलं तर विटेचा तुकडा वाटेल, ते गाडीला लावताच येणार नाही. म्हणून त्यात द्रावक, तेलं, मऊ मेणं घालतात. डब्यावर "१०० टक्के कार्नुबा" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आत जे मेण आहे ते कार्नुबा, डबाभर मेणच आहे असं नाही. लावल्यावर द्रावक उडून जातं, उरतो तो पातळ मऊ थर आणि तो क्लिअरकोटवर पाहुण्यासारखा नुसता बसलेला असतो, नातं काही नाही. मे महिन्यात काळ्या बॉनेटवर हात ठेववत नाही, तेवढ्यानं मेण वितळून वाहून जात नाही पण मऊ पडतं, त्यातली तेलं निघून जातात, धूळ त्यात रुतते, आणि धुताना धुळीबरोबर मेणही जातं.

सीलंटमधे बहुतेक वेळा अमिनो गट जोडलेली सिलिकोन आणि इतर पॉलिमर असतात. अमिनो टोक क्लिअरकोटला धरतं, साखळ्या एकमेकींत गुंततात, म्हणून शाम्पूला आणि उन्हाला जास्त वेळ तोंड देतात. पण गुंतायला वेळ लागतो. बाटलीवर १२ तास किंवा २४ तास पाणी नको असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. आपले लोक रविवारी संध्याकाळी लावतात, गाडी उघड्यावर, पहाटे दव, आणि सहा वाजता ओलं फडकं घेऊन पुसणारा हजर. मग म्हणतात सहा महिने लिहिलेलं दीड महिन्यात गेलं.

एक आकडा लक्षात ठेवा. क्लिअरकोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि वॅक्स किंवा सीलंटचा थर एका मायक्रॉनच्या आत. तेवढ्या थरानं ओरखडे थांबत नाहीत, कोणी कितीही सांगो. तीन-तीन कोट मारून जाडी वाढत नाही, दुसरा कोट फक्त सुटलेल्या जागा भरायला. कावळ्याची घाणसुद्धा थांबत नाही, ती आम्लधर्मी असते, थर असला तर तुम्हाला पुसायला थोडा वेळ मिळतो एवढंच. उन्हात दिवसभर ठेवली तर डाग क्लिअरकोटमधेच उतरतो. तुमच्या कडुनिंबाखाली मी टिकण्याच्या महिन्यांपेक्षा ह्याची जास्त काळजी करेन. डिकीत पाण्याची बाटली आणि एक मऊ कापड ठेवा, घाण आधी भिजवा, दोन मिनिटं थांबा, मग उचला. घासू नका.

काळीगाडी_पांढरेकेस
बाप रे, धन्यवाद. म्हणजे टेफ्लॉनचे पैसे पाण्यात, म्हणजे पाणी पसरून बसलं त्यात. एक शंका, आधी सीलंट आणि वर वॅक्स असं दोन्ही केलं तर? झाक पण मिळेल आणि टिकेल पण. आणि ते १२ महिनेवाल्या स्प्रेचं कोणीच बोललं नाही.

रंगरसायन
चालेल, पण क्रम तोच ठेवा. सीलंट खाली, पूर्ण सुकू द्या, दुसऱ्या दिवशी वॅक्स वर. उलटं केलं तर सीलंट मेणावर बसेल आणि मेण गेलं की तेही जाईल. स्प्रे मी वापरतो, आळशी माणसाला उत्तम, दहा मिनिटांत काम. १२ महिने मात्र माझ्या गाडीवर कधीच बघितले नाहीत, तीन-चार महिने धरा.

जांभादगड
इकडे रत्नागिरीत या, मग बोलू टिकण्याचं. चार महिने पाऊस असा की गाडी वाळतच नाही, लावणार काय आणि कधी. मी २५-३० मे च्या सुमारास सीलंट लावतो, दोन दिवस पडवीत गाडी, आणि मग दसऱ्यापर्यंत बॉनेटला हात नाही. तुम्हाला वाटेल एवढ्या पावसात सगळं धुपून जाईल, तसं होत नाही. पावसाचं पाणी मऊ, त्यात क्षार नाहीत, त्यानं थर फारसा जात नाही. जातो तो लाल मातीनं. जांभ्याची धूळ ओली झाली की खालच्या अर्ध्या दारांवर लेप बसतो, आणि कोणी हौसेनं तो फडक्यानं पुसला की सँडपेपर. माझ्या गाडीचं टप सप्टेंबरात पण थेंब धरतं आणि दारांच्या खालच्या भागात जुलैतच काही नसतं. तीच बाटली, तोच दिवस, तोच माणूस. तेव्हा कोणी म्हणालं सीलंट चार महिने टिकलं तर मी विचारतो कुठे? टपावर की दारावर?

दुसरं, पुण्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ते बघा. माझी बहीण तिकडे वाघोलीला, तिच्या गाडीवर पांढरे गोल डाग, धुवून उन्हात वाळू दिलं की क्षार तिथंच बसतात. सीलंट लावलेल्या गाडीवर तर जास्त उठून दिसतात कारण पाणी थेंबाथेंबानं वाळतं. तिला वाटलं सीलंटनं रंग खराब केला. पांढरं व्हिनेगर भरपूर पाण्यात मिसळून पुसलं, गेले.

आणि जानेवारीत आंब्याखाली गाडी लावू नका, मोहराला तुडतुडे लागले की वरून चिकट फवारा पडत असतो, सकाळी गाडी गुळाच्या पाकात बुडवल्यासारखी. मागाहून त्याच्यावर काळी बुरशी धरते. वॅक्स असो नसो, कोमट पाणी आणि सबुरी. माझ्याकडे दुसरी जागा नाही, आंबा तोडायचा तर आईशी भांडण.

मिशिगनचा_मामा
इकडून थोडं वेगळं. आमच्याकडे प्रश्न उन्हाचा नाही, मिठाचा. नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी पांढरी होते, मूळ रंग विसरायला होतो. मी ऑक्टोबरच्या शेवटी कॉलिनाइट ८४५ लावतो, इन्सुलेटर वॅक्स म्हणतात त्याला, विजेच्या तारांच्या इन्सुलेटरसाठी बनवलेलं म्हणून ते नाव. नावात वॅक्स, पण आत कार्नुबाबरोबर पॉलिमर, म्हणजे धड हे नाही धड ते नाही. ऑक्टोबरचं मार्चपर्यंत जातं माझ्याकडे. तेव्हा वॅक्स की सीलंट ही भिंत तेवढी पक्की नाही, डब्यावरचं नाव बघून ठरवू नका.
थंडीत बाटली गोठून दगड होते, गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवायची, तूप पातळ करतो तसं. पहिल्या वर्षी ते माहीत नव्हतं, चमच्यानं खरवडून काढलं होतं मी.
इथे पण एक शत्रू आहेच. ब्रश न लावता धुणारे ऑटोमॅटिक वॉश असतात, लोकांना वाटतं हात नाही लागला म्हणजे सुरक्षित. पण ब्रश नाही म्हणून साबण जहाल, चांगलाच अल्कलाइन. दोन-तीन वेळा गेलात की वॅक्स साफ. आणि गंज लागतो तो खालून, तिथे वॅक्स कोण लावतंय.

फुकट_सल्लागार
आमच्या इथे वॉशिंग सेंटरवाला धुवून झालं की प्लास्टिकवर आणि टायरवर डिझेलचा हात मारतो. चमकतं एकदम. ते चालतं का?

टेप_लावून_बघा
डिझेल म्हणजे द्रावकच, वॅक्स विरघळवायला उत्तम. ते फडकं दाराला लागलं की तिथलं गेलं. रबरालाही वाईट. पाणी मारायचं तेवढं त्याच्याकडून मारून घ्या आणि फडकं आपलं घेऊन जा.

काळीगाडी, आता सरळ काय करा सांगतो, तुमच्या ठिकाणी मी असतो तर. या रविवारी सकाळी सावलीत धुवा, क्ले करा, अल्कोहोलच्या पाण्यानं पुसा, आणि सीलंट लावा पण इतकं पातळ की लावलंय का नाही अशी शंका यावी. एका पॅनलला पाच रुपयाच्या नाण्याएवढं पुरतं. जाड लावलं की जास्त टिकतं ही समजूत आहे, जाड लावलेलं फक्त पुसायला जड जातं आणि काळ्या रंगावर धुरकट पट्टे राहतात. मग रात्रभर गाडी कुठेतरी आत ठेवा, मित्राच्या पार्किंगला, ऑफिसच्या बेसमेंटला, कुठेही. तेवढी एक रात्र. पावसाळ्याच्या आधी मे मधे परत एक हात. बाकी वर्षभर हौस आली की वर वॅक्स. आणि सोसायटीतल्या पुसणाऱ्याला पगार चालू ठेवा पण काचा सोडून कशाला हात लावू नको म्हणा.

काळीगाडी_पांढरेकेस
अपडेट देतो. साडूच्या पार्किंगला गाडी नेली, शनिवारी दुपारी लावायला बसलो, दोन तास म्हणालो होतो, साडेपाच तास लागले, त्यातले दीड तास नुसता क्ले बार, हातात येणारी घाण बघून साडू पण कामाला लागला. टपाला सीलंट, दारांना सीलंट, बॉनेटला मात्र मोह झाला, टेप लावली आणि डावीकडे वॅक्स, उजवीकडे सीलंट. चरे आहेत तसेच आहेत, पण वॅक्सच्या बाजूला जरा कमी दिसतात, का मीच कमी बघतोय.
रविवारी दुपारनंतर गाडी सोसायटीत आणली. विसरायला नको म्हणून वायपरच्या खाली टेपचा छोटा तुकडा मधोमध तसाच ठेवला होता. गाड्या पुसणाऱ्या मामांना सगळं समजावलं, फक्त काचा, बाकी हात नाही. ते हो हो म्हणाले. सोमवारी सकाळी खाली आलो तर मामा हसत उभे, "साहेब, कायतरी चिकटलं होतं ते काढून टाकलं, आणि त्याचा डिंक राहिला होता तो पण घासून काढला."